सासूबाईंच्या अंगावरचा गाऊन

माझी मुलगी पहिल्यांदा पालथी पडली ही बातमी मला शिऱ्यातून कळली. संध्याकाळी साडेसातला ऑफिसच्या गाडीने सोसायटीच्या फाटकाशी सोडलं, तीन जिने चढून वर आले, तर सासूबाईंनी हातात वाटीच ठेवली. केशर, बेदाणे, वर तुपाचा ओघळ. "पालथी पडली आज ठकूताई," त्या म्हणाल्या. "अकराच्या सुमाराला. म्हटलं, गोड करायलाच हवं. खालच्या दोन्ही घरी दिला, समोरच्या पंजाबी काकूंकडे पण दिला." म्हणजे माझी मुलगी पालथी पडल्याचं समोरच्या काकूंना माझ्या आधी आठ तास माहीत होतं. शिरा उत्तम झाला होता. मी तो उभ्याउभ्या खाल्ला आणि वाटी बेसिनमध्ये जरा जोरातच ठेवली.

मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी दमलेय असं सांगितलं असतं. खरं म्हणजे मी जळत होते. मला माझ्या सासूचा हेवा वाटत होता, तोही सकाळी आठपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत, मधे जेवणाची सुट्टी न घेता.

तेव्हाचं गुडगाव म्हणजे एक काचेची इमारत, मग मोहरीचं शेत, मग पुन्हा एक काचेची इमारत. परदेशी कंपन्यांचे हिशेब इथे बसून करायचे असतात हे आम्हाला नुकतंच कळलं होतं आणि त्याच्या जोरावर पुण्याहून आमच्यासारखी जोडपी येऊन पडत होती. नवरा एका काचेत, मी दुसऱ्या काचेत. मी बाळंतपणाला पुण्याला माहेरी गेले, दोन महिने राहिले आणि तिसरा संपता संपता परत कामावर हजर झाले, कारण रजा तेवढीच होती. माझी आई स्वतः नोकरीत, तिला येणं शक्य नव्हतं. सासूबाई आल्या. सासऱ्यांना पुण्यात डब्यावर सोडून, एक ट्रंक, एक सहाण, बाळगुटीची पिशवी आणि चांदीचं बोंडलं घेऊन आल्या. चोच असलेली ही एवढीशी वाटी. माझा नवरा, दोन्ही नणंदा, सगळे त्याच बोंडल्याने वरचं दूध प्यायले होते.

त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला जागाच नव्हती, हीच माझी मोठी तक्रार होती. मला दूध यावं म्हणून पहाटे अळिवाची खीर करणाऱ्या त्याच. माझी आई कुणाकुणाबरोबर डिंकाचे लाडू पाठवायची, ते लोक दिल्लीला कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या सरकारी सदनात उतरायचे, आणि तिथून डबा आणायला नवऱ्याला रविवारी सकाळी पिटाळणाऱ्याही त्याच. "खा गं, तू खाल्लंस तर ती खाईल," असं म्हणत माझ्यासमोर बसून राहायच्या. मी खायची, दूध यायचं, आणि मग मी ऑफिसला निघून जायची. कारखाना माझा आणि दुकान त्यांचं, असा एकंदर मामला होता.

ऑफिसात मी दिवसातून दोनदा स्टेशनरीच्या खोलीत जाऊन दार आतून लावून घ्यायची. केमिस्टकडे एक पंप मिळायचा, काचेचा, त्याला मागे रबरी फुगा. फुगा दाबायचा, सोडायचा. दुखायचं, आणि निघायचं किती, तर वाटीचा तळ जेमतेम झाकेल इतकं. चारी बाजूंना कॉम्प्युटरच्या कागदांचे खोके. बाहेरून कुणीतरी हँडल खटखटवायचं, "यार, अंदर कौन है? स्टेपलर चाहिए।" मी डोळे मिटून मुलीचा चेहरा आठवायची, कारण कुणीतरी सांगितलं होतं की चेहरा आठवला की दूध उतरतं. चेहरा आठवायचा, पण तो सासूबाईंच्या मांडीवर असायचा. तेवढ्याने आलेलं दूधही मागे फिरतंय असं वाटायचं.

ते दूध बर्फाच्या थर्मासमधून घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी बोंडल्यातून मुलीच्या पोटात जायचं. पहिले आठ-दहा दिवस ते गेलंच नाही. ती तोंड घट्ट मिटायची, मान फिरवायची, दूध कानामागे ओघळायचं. संध्याकाळी मी दारात आले की ती माझ्यावर अशी तुटून पडायची की मी चपलासुद्धा काढायची नाही. सासूबाई काळजीने अर्ध्या झाल्या होत्या. "दिवसभरात दोन बोंडली गेली असतील नसतील," त्या म्हणायच्या. मी "हो का?" म्हणायची. चेहरा काळजीचा करायची. आणि आतून, आता लपवण्यात काय अर्थ आहे, मला गुदगुल्या व्हायच्या. माझी मुलगी माझ्याशिवाय कुणाच्या हातून पीत नव्हती.

मग एकदम ती प्यायला लागली. दोन बोंडली, तीन, चार. संध्याकाळी मी आले की शांतपणे बघायची, हसायची आणि पुन्हा पंख्याकडे बघायला लागायची. "बसली बाई घडी," सासूबाई म्हणाल्या. समोरच्या काकू आल्या होत्या, त्यांना त्यांनी आपल्या हिंदीत समजावून सांगितलं की आमच्यात नातवंडांना दुधावरची साय म्हणतात, दुधापेक्षा सायीची माया जास्त. काकू म्हणाल्या, "बिल्कुल, बिल्कुल।" मी स्वयंपाकघरात होते. म्हटलं, साय कुणाची असायची ती असो, दूध माझं आहे.

तेव्हा ती साडेचार महिन्यांची होती.

एका गुरुवारी आमच्या इमारतीतला जनरेटर बसला. मशीन बंद, एसी बंद, आणि काचेच्या डब्यात मे महिना. दीड वाजता सगळ्यांना घरी सोडलं. मी इतकी खूश झाले की गाडीची वाट न बघता रिक्षा केली. घराशी बेल वाजवली नाही, बाळ झोपलं असेल म्हणून किल्लीने दार उघडलं.

बाल्कनीच्या दाराशी वेताच्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या अंगात माझा गाऊन होता.

हे किती अचाट होतं ते कळायला माझ्या सासूबाई माहीत हव्यात. आयुष्यात त्यांनी साडीखेरीज काही घातलं नव्हतं. गाऊन या वस्तूबद्दल त्यांची मतं स्पष्ट होती. आमच्या सोसायटीतल्या बायका गाऊनवर चुन्नी घेऊन भाजीच्या गाडीवर जायच्या, तेव्हा त्या बाल्कनीतून म्हणायच्या, "चुन्नी घेतली की झाला वाटतं पंजाबी ड्रेस!" मी सकाळी गाऊनवर दूधवाल्याला दार उघडलं की त्या दिवशी माझ्याशी जरा कमी बोलायच्या. त्या बाईने नेसत्या साडीवरून माझा, पुढे बटणं असलेला, फिकट निळा, खांद्याशी दुधाचे डाग पडलेला गाऊन चढवला होता. आत साडी फुगून गाऊनचा तंबू झाला होता. वरची दोन बटणं लागत नव्हती. मुलगी त्यांच्या छातीशी नाक खुपसून, एका मुठीत गाऊनचा काठ धरून, बोंडल्याने चुटुचुटु पीत होती.

मला बघून त्या चोरी पकडल्यासारख्या झाल्या. उठताही येईना, मुलगी पीत होती.

"अगं, तू? आत्ता?"

"हे काय घातलंत आई तुम्ही?"

"तुझा वास लागतो तिला," त्या म्हणाल्या. "नुसती घेतली की तोंड फिरवायची. एकदा तुझा गाऊन पलंगावर पडला होता, त्यात गुंडाळली तर गप्प झाली. म्हटलं, घालूनच बघावा. हसू नकोस हं मला."

मी हसले नाही. हसले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. मी "बरं केलंत" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. इतके दिवस मला वाटत होतं, ती सासूबाईंना सरावली. ती सरावलेली नव्हती, ती मलाच पीत होती, निदान तिला तसं वाटत होतं. यावरून माझ्या जिवाला बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे एवढंच की माझ्या अंगाचा वास मला न विचारता वापरला जात होता. दूध माझं, वास माझा, गाऊन माझा, आणि मूल मात्र त्यांच्या मांडीवर. म्हणजे आता माझी गरज कशाला होती? माय मरो पण मावशी जगो ही म्हण ज्याने काढली तो नक्की बाप्या असणार, असं मला त्या दिवशी वाटलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो पोट धरधरून हसला. "आईने गाऊन घातला? आपल्या आईने? फोटो काढायला हवा होता यार!" त्याच्याशीही मी दोन दिवस बोलले नाही.

रविवारी मी गाऊन धुवायला काढले. तीनही. धुण्याभांड्याच्या बाईला सासूबाईंनी माझा वापरता गाऊन धुवायचा नाही असं बजावून ठेवलं होतं, हे मला आता कळलं होतं, म्हणून मी स्वतःच बसले. साबणाची पावडर नेहमीच्या दुप्पट टाकली. पलंगपोस धुतला, उशांचे अभ्रे धुतले, बाळाला गुंडाळायची माझी जुनी ओढणी धुतली. बाहेर लू सुटली होती, अर्ध्या तासात सगळं कडक वाळलं. सासूबाई बाल्कनीच्या दारात येऊन दोरीकडे बघून गेल्या. रात्री मी नवऱ्याचा शर्ट घालून झोपले आणि सकाळी तोही बादलीत बुडवून ऑफिसला गेले. उन्हाळा आहे, बाळाला घामोळं येतं, स्वच्छता हवी, असं मी स्वतःला सांगत होते. माणूस स्वतःशी बोलतानासुद्धा किती सभ्यपणे खोटं बोलतं!

सोमवारी साडेअकराला छातीत कळ आली. नेहमीची वेळ होती. मी स्टेशनरीच्या खोलीत गेले नाही, कारण साडेबाराला एक मीटिंग होती आणि तिची तयारी चालली होती. मला माहीत होतं की घरी मुलगी पीत नसणार. मला ते हवं होतं. हे वाक्य मी आज वीस-बावीस वर्षांनी लिहितेय, आणि अजूनही लिहिताना पेन थांबलं. ती उपाशी राहावी असं मला वाटत नव्हतं, पण तिने माझ्यावाचून अडून बसावं असं वाटत होतं. साडेचार महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत या दोन गोष्टी एकच असतात, हे मला त्या दिवशी दिसत होतं आणि मी बघत नव्हते.

सव्वाबाराला रिसेप्शनवरून फोन आला. "मॅडम, गेट पे एक माताजी आई हैं। बच्चा है साथ में। बहुत रो रहा है।"

लिफ्टची वाट बघितली नाही. चार जिने उतरून धावत आवार ओलांडलं. फाटकापाशी, आमच्या त्या चकचकीत पाटीखाली, सासूबाई उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, पदराचं दुसरं टोक मुलीवर सावलीसारखं धरलेलं, खांद्याला पिशवी, पिशवीतून बोंडल्याच्या डबीचं झाकण बाहेर आलेलं. आधी सायकलरिक्षा, मग ऑटो, असं करत त्या आल्या होत्या. गुडगावात एकट्या त्या कोपऱ्यावरच्या मंदिरापलीकडे गेल्या नव्हत्या. माझं व्हिजिटिंग कार्ड त्यांनी ऑटोवाल्याला दाखवलं, मग गार्डला दाखवलं, आणि पास नाही म्हणून गार्डने आत सोडलं नाही. मुलीचा आवाज बसला होता. रडण्याचा नुसता आकार येत होता तोंडावर, आवाज फुटत नव्हता.

"सकाळपासून थेंब घेतला नाही गं," त्या म्हणाल्या. "पाण्याचा पण नाही. फोन केला तर दोनदा लागलाच नाही. मग म्हटलं, जावंच."

गार्ड हरियाणाचा, मोठ्या मिशांचा, वयस्क माणूस होता. त्याने काही न विचारता आपली केबिन उघडून दिली, टेबलफॅन माझ्याकडे वळवला आणि बाहेर जाऊन दाराकडे पाठ करून उभा राहिला. गाड्या थांबवून पास तपासत होता, पण मागे वळून म्हणून बघितलं नाही. मी मुलीला घेतलं. तिने नाकाने शोधलं, हुंदका दिला आणि पकडलं. दूध असं उतरलं की तिला ठसका लागला.

आणि मला आनंद झाला. आधी आनंद झाला, हे सांगायलाच हवं. अंगावर काटा आला. जिंकले, असं वाटलं. चांदीचं बोंडलं हरलं, शिरा हरला, दुधावरची साय हरली. मग मी दारातून बाहेर बघितलं. सासूबाई गार्डच्या स्टुलावर बसून त्याच्या प्लास्टिकच्या बाटलीतून पाणी पीत होत्या, तोंड लावून. प्रवासात घरचं पाणी संपलं तर तहानलेल्या राहणारी बाई. ओठांना पापुद्रे धरले होते. पायात घरातल्या स्लिपर होत्या.

मुलीचे डोळे मिटायला लागले तेव्हा त्या आत आल्या. तिच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साबण जरा कमी घालत जा. कितीही खळबळलं तरी त्याचा वास जात नाही."

मी मुलीचं झबलं सारखं करत राहिले.

"तुला आवडलं नाही तर मला सांग," त्या म्हणाल्या. "भांड माझ्याशी. मी सासू आहे, माझ्याशी भांडायला तुला कुणी नाही म्हणणार नाही. पण तिच्या पोटावरून भांडू नको गं."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांच्यासाठी ऑटो थांबवला, मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि उशिरानेच मीटिंगला गेले. ब्लाउजवर दोन डाग पडले होते, म्हणून फाइल छातीशी धरून तासभर बसले. परदेशातले साहेब फोनवरून काय बोलत होते त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रात्रभर घातलेला गाऊन पलंगावर ठेवला. घडी घातली नाही, घडीने वास उडेल असं उगीच वाटलं. वरची दोन बटणं सासूबाईंना लागत नव्हती, तिथे उसवून थोडी माया सोडून दिली होती. त्यांनी ते बघितलं. "शिवण बरी जमते की तुला," एवढंच म्हणाल्या. माफी मी मागितली नाही. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती, आणि मला ते तेव्हा सोयीचं वाटलं.

माझा हेवा त्याने संपला असं मात्र नाही. मुलगी बसायला लागली तेही त्यांच्यासमोरच. पण आता त्या मला सांगायच्याच नाहीत. मी घरी आले की म्हणायच्या, "बघ हं, आज काहीतरी करेलसं वाटतंय," आणि तिला उशांच्या मधे ठेवायच्या. ती बसायची, मी ओरडायची, टाळ्या पिटायची. मुलगी माझ्याकडे कंटाळून बघायची, कारण तिचं ते चार दिवसांपासून चाललेलं असायचं. समोरच्या काकूंनी एकदा बोलता बोलता सगळं फोडलं. मला राग आला, आणि राग येऊन झाल्यावर मी दुसऱ्या दिवशीही तशाच टाळ्या पिटल्या.

मुलगी आठ महिन्यांची झाली. सासऱ्यांना पुण्यात एकट्याने निभेना, डब्याने त्यांचं पोट बिघडलं. आमच्या सेक्टरमध्ये एका निवृत्त कर्नलच्या बायकोने पाळणाघर सुरू केलं होतं, तिथे नाव घातलं. सासूबाई जायच्या ठरल्या त्या आठवड्यात मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. आता ती माझी एकटीची होईल. पाळणाघराचा मला हेवा वाटणार नव्हता, ते परके लोक होते.

निजामुद्दीन स्टेशनात पुण्याची गाडी लागलेली होती. नवरा ट्रंक घेऊन डब्यात चढला. सासूबाई फलाटावर माझ्यासमोर उभ्या होत्या. आणि माझ्या कडेवरच्या मुलीने त्यांच्याकडे झेप टाकली. दोन्ही हात पुढे, सगळं अंग पुढे, रोज सकाळी माझ्या हातातून टाकायची तशी. रोज सकाळी ती तशी झेप टाकायची तेव्हा मी तिला क्षणभर घट्ट धरून ठेवायची, मग सोडायची. त्या दिवशी मी धरून ठेवलं नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मी आपणहून तिला पुढे केलं. "घ्या ना आई," म्हटलं.

त्यांनी हात पदराखाली घेतले.

"नको," त्या म्हणाल्या. "आता घेतली तर परत द्यायला जमायचं नाही मला."

तिच्या पायाच्या अंगठ्याला त्यांनी नुसतं बोट लावलं आणि वळून डब्यात चढल्या. एसीचा डबा होता, काचा काळ्या. बाहेरून त्या दिसल्या नाहीत.

मुलगी निजामुद्दीनपासून रडत होती. अर्ध्या वाटेवर, धौला कुआँपर्यंत रडतच होती. नवरा गाडी चालवत "भूक लागली असेल, बघ ना," असं तीनदा म्हणाला. मागच्या सीटवर ओढणी घेऊन मी तिला छातीशी धरलं. तिने एकदा तोंड लावलं, सोडलं, आणि मान फिरवून मागच्या काचेकडे बघत पुन्हा सूर लावला. मी परत धरलं. तिने परत मान फिरवली. तिला भूक नव्हतीच. तिला आजी हवी होती, आणि आता खोटं कशाला बोलू, मलाही.